बारामती मतदारसंघाविषयींच्या दोन समजुती

इंदापूर हें मालोजीराजे भोसल्यांच्या अखेरच्या लढाईचें ठिकाण म्हणून, व बारामती हें बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिलेल्या मोरोपंतांचें गांव म्हणून आमच्या वाचकांस परिचित आहे. परंतु या प्रांताचा इतिहास १८१८ सालींच संपला असें मानून पुढील कागदांकडे पाठ फिरविणें योग्य नव्हे. बारामतीच्या लोकसभा मतदारसंघाविषयीं दोन समजुती सर्वत्र रूढ आहेत. पहिली अशी कीं, ही जागा आरंभापासून पवार घराण्याकडेच चालत आली. दुसरी अशी कीं, त्या घराण्यांतील दुफळी ही अगदीं अलीकडची गोष्ट होय. या दोन्ही येथें तपासून पाहावयाच्या आहेत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका देणें अवश्य आहे. इंग्रजी अमलांत जमीनपाहणीची सुधारलेली पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांतच घालून दिली. पुढें १९१९ च्या कायद्यानें खेड्यापाड्यांतून मताचा हक्क आला, तो याच पाहणीनें ठरविलेल्या साऱ्याच्या आधारें. मुंबई इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा ३२ रुपये साऱ्याची होती. १९३५ च्या कायद्यानें ती ८ रुपयांवर आली. म्हणजे मतदारांची यादी ही मुख्यत्वें खातेदारांचीच यादी होती. मताची व साऱ्याची ही गांठ सुटली ती १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, प्रौढ मताधिकारानें.

आतां पहिली समजूत. १९५७ सालीं पुणें शहरांत संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे विजयी झाले, परंतु बारामतींतून काँग्रेसचे केशवराव जेधे निवडून आले. त्यांच्या मागें १९६० ची पोटनिवडणूक व १९६२ ची निवडणूक गुलाबराव जेधे यांनीं जिंकली. १९६७ सालीं तुळशीदास जाधव व १९७१ सालीं रघुनाथ केशव खाडिलकर हे काँग्रेसतर्फें आले. आणीबाणीनंतर १९७७ सालीं निंबुतचे संभाजीराव काकडे जनता पक्षाकडून, व १९८० सालीं इंदापूर तालुक्यांतील बावड्याचे शंकरराव बाजीराव पाटील काँग्रेसकडून निवडून आले. १९८४ सालीं शरद पवार विजयी झाले खरे, परंतु पुढच्याच वर्षीं ते विधानसभेंत गेले व पोटनिवडणुकींत काकडे पुनः आले. १९८९ सालीं पुनरपि शंकरराव पाटील. याप्रमाणें बत्तीस वर्षांतील दहा निवडणुकींत सात निरनिराळे पुरुष निवडून आले. त्यांत पवार घराण्याचा विजय एकच. १९९१ सालीं प्रथम अजित पवार व लगेच पोटनिवडणुकींत शरद पवार आले. त्यानंतर १९९४ च्या पोटनिवडणुकींतील बापूसाहेब थिटे यांचा अपवाद वगळतां, २०२४ पर्यंत ही जागा त्या घराण्यांत राहिली. तेव्हां परंपरा आहे, पण ती १९९१ पासूनची.

मात्र केवळ नांवावरून तुलना करणें धोक्याचें आहे. परगणा तोच राहून त्याचीं गांवें बदलावीं, तसेंच येथें झालें आहे. २००९ पासून लागू झालेल्या सीमांप्रमाणें या मतदारसंघांत बारामती, इंदापूर, दौंड व पुरंदर यांजबरोबर भोर व पुण्याच्या उपनगरांपर्यंत पोंचणारें खडकवासला हेही आहेत.

दुसऱ्या समजुतीस १९६० ची पोटनिवडणूकच उत्तर देते. केशवराव जेधे १९५९ च्या नोव्हेंबरांत वारले. त्या जागेसाठीं शेतकरी कामगार पक्षातर्फें उभे राहिले ते वसंतराव पवार. आणि त्यांचे धाकटे बंधु शरद पवार यांनीं प्रचार केला तो काँग्रेसच्या जेध्यांचा. २०२४ सालीं सुप्रिया सुळे यांच्याविरुद्ध त्यांच्या भावजय सुनेत्रा पवार उभ्या राहिल्या व दीड लाखांहून अधिक मतांनीं पराभूत झाल्या. त्या वेळीं अनेकांस नवल वाटलें. परंतु एका घरांतून दोन निशाणें निघाल्याचें हें पहिलें उदाहरण नव्हे. भेद इतकाच कीं, १९६० सालीं दोन पक्षांनीं एक घर विभागलें होतें. २०२४ सालीं घर विभागण्यापूर्वीं पक्षच विभागला होता.

१९६० च्या प्रसंगाची हकीकत शरद पवारांनीं 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्रांत दिली आहे. तो ग्रंथ २०१५ चा, म्हणजे प्रसंगानंतर पंचावन्न वर्षांचा. अशा लेखनाची जात बखरीची. त्याची किंमत मोठी, पण समकालीन कागदांशीं ताडून पाहिल्यावांचून तें निर्णायक धरतां येत नाहीं. हे कागद म्हणजे त्या वेळच्या मतदारयाद्या, हस्तपत्रकें, सभांच्या जाहिराती, उमेदवारांचीं खासगी पत्रें व हिशेबाच्या वह्या. मोडी रुमालांसाठीं माळे धुंडाळणाऱ्या आमच्या संग्राहकांनीं त्याच माळ्यावरील हीं पिवळीं पत्रकें रद्दींत जाऊं देऊं नयेत. वाळवीस १७६० चा कागद व १९६० चा कागद यांत भेद कळत नाहीं; संशोधकास तो कळावा, पण दोन्ही राखण्यापुरता.