गवसणी

आत्याच्या घरात कपाटावर हिरव्या जाड कापडाची एक गवसणी घडी घालून ठेवलेली आहे. तिच्यातला तंबोरा आत्याने केव्हाच एका शिकणाऱ्या मुलीला देऊन टाकला. गवसणी मात्र दिली नाही. भोपळ्यापाशी तिला आतून एक चौकोनी ठिगळ आहे, जुन्या धोतराचं. ते आजोबांनी लावलेलं. जाड कापडाने भोपळ्याचं पॉलिश जातं, म्हणून.

आत्या आकाशवाणीच्या एका केंद्रात ३६ वर्षं तंबोऱ्यावर होती. आमच्या घरात कुणी टपालात होतं, कुणी एसटीत होतं, तशी ती तंबोऱ्यावर. रेडिओवर गाणाऱ्याचं नाव सांगतात, तबल्याच्या साथीचं सांगतात, पेटीचं सांगतात. मागे बसून चार तारा छेडणाऱ्याचं नाव निवेदनात बहुधा येत नाही. वाईट वाटत नाही का, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "नाव घेतलं की लोक तंबोरा ऐकायला लागतील. तो ऐकू यायला नको. नसला तर कळायला हवं."

हे शिक्षण तिला आजोबांकडून मिळालं, आणि आजोबा तर पेटीवाले. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. एका खासगी कंपनीचं, जेमतेम दीड किलोवॉट शक्तीचं. तीन वर्षांत कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, आणि जून १९३६मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. आजोबा मिरजेहून मुंबईला गेले ते याच सुमाराला. गिरगावात एका खोलीत चौघे राहायचे, शिकवण्या करायचे, आणि बोलावणं आलं की पेटी खांद्यावर घेऊन रेडिओवर साथीला जायचे.

त्यांच्या बोलण्यात त्या दिवसांची एक गोष्ट हटकून यायची. तोवर गाणं साठवायचं तर ग्रामोफोनच्या तबकडीत, म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटांत. ख्याल त्यात कसा मावणार? अस्थायी मांडली, दोन ताना घेतल्या की संपलं. रेडिओने गवयाला अर्धा तास दिला. आजोबा म्हणायचे, "तबकडीत गवई पळतो. रेडिओत तो बसतो." हे 'बसणं' त्यांना फार मोलाचं वाटायचं. ज्याला दरबार नाही, जलशाच्या तिकिटाला पैसे नाहीत, त्याच्या चाळीत शेजाऱ्याच्या खिडकीतून विलंबित ख्याल ऐकू येतोय, ही गोष्ट त्याआधी या देशात कधी घडली नव्हती.

मग १९४० आलं. मार्च महिन्यापासून रेडिओवर पेटी बंद झाली. तेव्हा नभोवाणीचे प्रमुख लायोनेल फील्डन होते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच लिहून ठेवलं होतं, आणि रवींद्रनाथांनाही ती नको होती. आक्षेप साधा होता. पेटीचे बारा स्वर पट्ट्यांत कायमचे ठोकलेले. त्यांत मींड नाही, आंदोलन नाही, दरबारीचा गंधार नाही. साथीला सारंगी राहिली, व्हायोलिन आलं. पेटीवाल्यांचं काय झालं, हे मात्र कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नसतं.

आजोबांच्या जागी दुसरा कुणी जन्मभर कुढला असता. ते मिरजेला परतले आणि सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. मिरजेचा तंबोरा देशभर जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जवारी कशी लागते, हे दुकानाच्या पायरीवर महिनोन्महिने बसल्याशिवाय कळत नाही. घोडीचा माथा कानशीने कणाकणाने घासायचा, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला की स्वर मुका होतो. केसभर मागे आला की नुसता झणझणतो. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे तार उघडते, आणि एका षड्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. आजोबा आत्याला म्हणाले होते, "वीस वर्षं पेटीचा गंधार दाबत होतो. तो इथे आधीच होता."

पेटीवरची बंदी बरोबर होती असं मला वाटत नाही. तिने पोटावर पाय दिला, आणि पेटी तर महाराष्ट्राच्या गाण्यात कधीच मुरलेली होती. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली तिने काय केलं हे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. पण बंदीमुळे एका पेटीवाल्याचा कान तंबोऱ्याकडे वळला, हेही खरंच आहे. १९७१ साली ती सैल झाल्याचं कळलं, तेव्हा आजोबांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. भात्याला उंदरांनी भोकं पाडली होती. त्यांनी ती फडक्याने पुसली, पुन्हा बांधून वर ठेवली आणि संध्याकाळच्या फिरण्याला गेले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. पुसलेल्या पेटीचा तो वास अजून नाकात आहे.

आत्या केंद्रात लागली १९६० साली. तो बाळकृष्ण केसकरांचा काळ. माहिती व नभोवाणी खात्याचे हे मंत्री १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं टिकले, आणि त्यांनी ठरवून टाकलं की रेडिओने रागदारीच ऐकवायची. सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावीच लागली. केसकरांवर टीका पुष्कळ झाली, काही रास्तही होती. कलाकारांच्या श्रुतिचाचण्या, बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेण्या, पडद्याआड बसलेले परीक्षक. मोठमोठे गवई यावर रागावले. पण शास्त्रीय संगीताचे तास वाढले म्हणून तर केंद्रांना रोज तंबोरे लागू लागले, आणि आमच्या घरात महिन्याचा पगार येऊ लागला.

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सकाळच्या सभेचा गायक सहाला येणार असेल तर तंबोरे त्याच्या तासभर आधी स्टुडिओत न्यायचे. कारण एसी. बाहेर दमट गरमी, आत गारठा. पोलादी तारा आकसतात आणि स्वर चढतो. तोही चारही तारांचा सारखा चढत नाही. पहिला पंचम पळतो, जोड मागून, खरज आपल्या चालीने. म्हणून गवसणी काढायची, तंबोरे आडवे ठेवायचे आणि त्यांना खोलीशी जुळवून घेऊ द्यायचं. आत्या म्हणायची, "नवी नवरी आली की तिला लगेच चुलीपाशी नेतात का?" मग खुंट्या, मग मणी. गायक कुठल्या पट्टीत गातो हे तिच्या वहीत लिहिलेलं असे: काळी एक, पांढरी चार, काळी पाच. शेजारी कंसात 'सर्दी असली तर अर्धी खाली' अशाही नोंदी.

बाहेरगावच्या कलाकाराला तेव्हा एका दिवसात तीन सभा असत. सकाळी, दुपारी, रात्री, सगळ्या थेट. मधल्या वेळात कुठे जाणार? पुष्कळ जण आत्याकडे पिठलं-भाकरी खाऊन आडवे व्हायचे. या तीन सभांनी जे काम केलं त्याचं श्रेय रेडिओला पुरेसं दिलं जात नाही असं माझं मत आहे. तिकिटाच्या मैफली संध्याकाळी आणि रात्री होतात. मग यमन, बागेश्री, मालकंस यांना तोटा नाही. पण सकाळी साडेसातचा देसकार, टळटळीत दुपारचा गौड सारंग किंवा तीन वाजताचा भीमपलास कोण आणि कुठे गाणार? रेडिओला सकाळ भरायची होती आणि दुपारही भरायची होती. त्या वेळापत्रकाने कलाकारांना हे राग तयार ठेवायला लावले. वाटणाची खलबत्त्यातली ठकठक चालू असताना मुलतानी कानावर पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना रागाचं नाव येत नसे, पण भलत्या वेळेला तो लागला तर 'हे आत्ताचं नव्हे' एवढं कळत असे.

घड्याळ मात्र निर्दय. दिल्लीच्या बातम्या ठरल्या सेकंदाला जोडून घ्यायच्या असत, त्यामुळे गाणं त्याआधी संपलंच पाहिजे. ड्यूटी ऑफिसर काचेपलीकडून दोन बोटं दाखवायचा: दोन मिनिटं. गवई डोळे मिटून असेल तर हा निरोप तबलजीला जायचा, आणि तो लय किंचित वाढवून गायकाला जागं करायचा. आत्या याला 'तबल्यातून चिठ्ठी' म्हणायची.

एकदा चिठ्ठी पोचली नाही. एक वयस्क गायक सकाळच्या सभेत तोडी गात होते. द्रुत सुरू व्हायला हवी होती, पण ते विलंबितातच गुंतले होते. कोमल धैवतावर येत, थांबत, पुन्हा मागे वळत. दोन बोटं झाली, एक बोट झालं. शेवटी काचेपलीकडे फेडर हळूहळू खाली आला. निवेदिकेने नाव सांगितलं, दारावरचा लाल दिवा विझला, बातम्या लागल्या. आत गाणं चालूच होतं. तबलजीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली नाही, बोटंही थांबवली नाहीत. तबलजी ठेका देत राहिला. काचेपलीकडचे दोघे दार लोटून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आणखी बारा-तेरा मिनिटं ते गायले. चार जणांसाठी. आत्या सांगते की त्यांनी शेवटी जो तार षड्ज लावला, तसा तिने परत ऐकला नाही. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "वेळेत झालं ना?" ड्यूटी ऑफिसर म्हणाला, "अगदी वेळेत, पंडितजी."

हे गाणं टेपवर नाही. जे टेपवर होतं त्याचीही खात्री नसे. आत्याचे यजमान, आमचे काका, तिथेच टेप लायब्ररीत होते. रिळं मोजकी, मागणी रोजची. म्हणून प्रसारण झालं की रीळ पुसून पुन्हा वापरायचं, हा रिवाज. पुसायच्या रिळांची यादी काकांच्या टेबलावर यायची. त्यांना सूर फारसे कळत नसत, असं ते स्वतःच सांगत. पण आत्या संध्याकाळी घरी येऊन नुसतं "आज दुपारचं चांगलं झालं" म्हणाली, की दुसऱ्या दिवशी ते त्या रिळाच्या डब्यावर लाल पेन्सिलीने 'फिलर' असं लिहायचे. दोन कार्यक्रमांमधली फट भरायला जे वाद्यसंगीत ठेवतात ते फिलर, आणि ते पुसत नसत. निवृत्त होताना त्यांनी ते कपाट पुढच्या माणसाला उघडून दाखवलं आणि प्रत्येक डब्यात खरं काय आहे ते कागदावर लिहून दिलं. त्या कागदाची कार्बन प्रत घरी आहे. ४१ नोंदी. राग, वेळ, कालावधी, आणि शेवटच्या रकान्यात, गोल अक्षरात, तंबोऱ्यावर कोण होतं ते.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. आकाशवाणीची रागम् नावाची चोवीस तासांची वाहिनी २०१६च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झाली, तेव्हापासून आत्याच्या उशाशी मोबाइलवर ती लावलेली असते. गेल्या श्रावणात मी तिच्याकडे होतो. दुपारची वेळ, बाहेर पागोळ्या. जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी काहीतरी लागलं होतं. गौड सारंग, एका बाईंचा आवाज. आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपलीय, म्हणून मी आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. बाई पंचमावर थांबल्या, मागे तारा फिरत राहिल्या.

"माझाच आहे," आत्या म्हणाली. "पंचम चढलाय बघ. त्या दिवशी एसी उशिरा लावला होता."