यंत्राचे अवतार

काटोल परिसरातील संत्राबागांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. महासंगणकाच्या इतिहासातील एका उपेक्षित प्रकरणाकडे वळताना हे कलम आठवते.

तो इतिहास आपल्याकडे बहुधा वीरकथेच्या रूपात सांगितला जातो. अमेरिकेने क्रे संगणक देताना अडवणूक केली, १९८८ साली पुण्यात सीडॅक स्थापन झाली आणि विदर्भातील मुरंबा गावी जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. कथा खरीच आहे. तथापि तिचे माप एकच, वेग. त्या मापाखाली एक निराळा विचार झाकला गेला.

सर्वसाधारण प्रोसेसर कोणत्याही कामासाठी घडवलेला असतो, म्हणून प्रत्येक काम त्याला आज्ञा वाचत वाचतच करावे लागते. १९८५ साली झायलिंक्स कंपनीने आणलेल्या एफपीजीए चिपमध्ये मात्र तर्कघटकांमधील जोडण्याच पुन्हा पुन्हा बदलता येतात. उष्णतेचा प्रवाह वा रेणूंची हालचाल संगणकावर प्रतिरूपित करताना तीच मोजकी आकडेमोड कोट्यवधी वेळा करावी लागते. तिचाच परिपथ चिपवर मांडला, की आज्ञा वाचण्याचा खटाटोप उरत नाही आणि अनेक गणिते एकाच वेळी चालतात. मूळ कल्पना जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० सालीच मांडली होती.

सीडॅकच्या अभियंत्यांनी या तत्त्वावर संगणकाला जोडायची कार्डे घडवली, आणि चिपवर उतरवायच्या रचनेला नाव दिले 'अवतार'. साहित्याच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थांबावे. आपले बहुतेक तांत्रिक शब्द उसने किंवा घडवलेले असतात. येथे मात्र परंपरेतील शब्दानेच कल्पना स्पष्ट केली. कार्ड तेच, कार्यानुसार रूप वेगळे.

मग हा राजमार्ग का झाला नाही? कारण अवतार लिहिणे म्हणजे परिपथ रचणे, आणि ती विद्या भौतिकशास्त्रज्ञाला सहसा अवगत नसते. २०१३ च्या 'परम युवा २'ने वेगासाठी इंटेलचे सहप्रोसेसर स्वीकारले, २०२० च्या 'परम सिद्धी'ने एनव्हिडियाचे ग्राफिक्स प्रोसेसर. ज्यासाठी लिहिणे सोपे, ते यंत्र रुळले.

तरीही हा विचार संपलेला नाही. नारायणगावजवळ खोडद येथील ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीत आकाशातून आलेले संकेत आजही अशाच चिपांतून जातात. वेगाच्या क्रमवारीवरून इतिहास लिहिणाऱ्याला मात्र ते दिसणार नाही.