कॅचरच्या हातातला कॅमेरा

मंडळी, बेसबॉल मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण मो बर्ग नावाच्या खेळाडूबद्दल वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये.

जन्म १९०२, न्यूयॉर्क. प्रिन्स्टनमधून भाषा विषयात पदवी (त्यात चक्क संस्कृतही होतं!), मग कोलंबियातून वकिली. आणि एवढं शिकून पठ्ठ्या काय करतो? १५ सीझन बेसबॉल खेळतो, तेही बराच काळ राखीव कॅचर म्हणून. एकूण होमरन फक्त ६. सहकारी म्हणायचे, याला सात भाषा येतात, पण बॅटिंग एकाही भाषेत जमत नाही. वडिलांना मुलाचा हा उद्योग इतका नापसंत, की ते त्याची एकही मॅच बघायला गेले नाहीत. घरोघरी मातीच्या चुली!

१९३४ मध्ये अमेरिकेचा संघ जपानला गेला. बेब रूथ, लू गेरिग असे दादा लोक, आणि त्यांच्यात आपला बर्ग. सोबत १६ मिमीचा मूव्ही कॅमेरा आणि एका न्यूजरील कंपनीशी केलेला करार. २९ नोव्हेंबरला बाकीचे ओमियाला खेळत होते. हा मात्र फुलं घेऊन टोकियोच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात. अमेरिकन राजदूताच्या मुलीला बाळ झालंय, तिला भेटायचंय म्हणाला. तिला भेटलाच नाही! सरळ गच्ची गाठली, कपड्यांत लपवलेला कॅमेरा काढला आणि अख्खं शहर, बंदर, कारखाने टिपून खाली आला. पकडला गेला असता तर काही धडगत नव्हती.

ही फिल्म बघूनच डूलिटलने टोकियोवर बॉम्बहल्ला केला, अशी दंतकथा आहे. साफ चूक. हल्ला १८ एप्रिल १९४२ चा, आणि लष्करी अधिकाऱ्यांनी फिल्म बघितली ती त्यानंतर. पण खरी गोष्ट काय कमी आहे का?

पुढे तो खराच हेर झाला. डिसेंबर १९४४ मध्ये झुरिकला हायझेनबर्गच्या व्याख्यानाला जाऊन बसला, खिशात पिस्तूल. जर्मनांचा अणुबॉम्ब जवळ आलाय असं वाटलं तर गोळी घालायची, असा हुकूम होता. त्याला तसं वाटलं नाही. हायझेनबर्ग वाचला.

युद्धानंतर मात्र धड नोकरी नाही. १७ वर्षं भावाकडे, मग बहिणीकडे. १९७२ मध्ये गेला. जाताना नर्सला विचारलं म्हणे, आज मेट्सचं काय झालं?

मेट्स त्या दिवशी जिंकले होते.