सायलेन्सर, कटआउट आणि फटफटी

मोटारसायकलला आपल्या आजोबांच्या पिढीने ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. खानदेशात त्या काळी यंत्रे कानांनीच ओळखली जात. केळीच्या बागेतील विहिरीवर ऑइल इंजिन सुरू झाले, की त्याच्या ठेक्यावरून शेजारचा शेतकरी सांगे, कोणाच्या मळ्यात पाणी चालू आहे. आजही जळगाव-धुळे रस्त्यालगतच्या एखाद्या शाळेत शिकवताना खिडकीबाहेरून सायलेन्सर बदललेली बुलेट गेली, की शिक्षकाचे वाक्य अर्धवट राहते. मुले हसतात, आणि एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, सायलेन्सर काढला की गाडीची ताकद वाढते, हे खरे का?”

या प्रश्नाला रागावून उत्तर देऊ नये. तो सव्वाशे वर्षांचा जुना प्रश्न आहे, आणि ज्याला विलायती स्पोर्ट्स कारची काही लाखांची सायलेन्सर-व्यवस्था बदलायची आहे, तोही हेच विचारतो.

आधी आवाज येतो कोठून, ते पाहू. इंजिनाच्या नळकांड्यात इंधन जळते, वायू प्रसरण पावतात आणि दट्ट्याला ढकलतात. दट्ट्या तळाशी पोचण्याच्या सुमारास बाहेर जाण्याची झडप उघडते. त्या क्षणी आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट असतो. वायू एकदम बाहेर सुटतो आणि धक्का बसतो. चार फेरी इंजिनात हे दर दोन फेऱ्यांना एकदा घडते. एका नळकांड्याचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १,५०० म्हणजे सेकंदाला २५ धक्के. फुगा फुटावा तसे सेकंदाला २५ स्फोट! ‘फट-फट’ म्हणतात ती हीच.

हा आवाज कमी करण्यासाठी अमेरिकेत इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्ये एक्झॉस्टच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम या मोटार-अभियंत्याने याच विषयात नाव मिळवले. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास मशीनगन तयार केली आणि आयुष्यभर तोफाबंदुकांच्या आवाजात राहून स्वतःची श्रवणशक्ती गमावली. मुलाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले, आणि त्याची कंपनी पुढे इंजिनांचे सायलेन्सरही बनवू लागली. एकाच घरात बाप आवाजाने बहिरा झाला आणि मुलगा आवाज दाबण्याचा उद्योग करू लागला.

सुरुवातीच्या सायलेन्सरमध्ये एक खरा दोष होता. भोके पाडलेल्या पत्र्यांच्या आडव्या भिंतींतून वायूला वाट काढावी लागे. मागे दाब साचे, नळकांडे पूर्ण रिकामे होत नसे आणि ताकद घटे. चढणीवर तर गाडी धापा टाकी. म्हणून उत्पादकांनी ‘कटआउट’ दिला. पायाने पेडल दाबले, की सायलेन्सरच्या आधीच एक झडप उघडे आणि वायू थेट बाहेर पडे. चढ संपला की झडप बंद करायची, अशी अपेक्षा होती. पण लोक गावातूनही ती उघडी ठेवून गाडी हाकू लागले. अमेरिकेतील अनेक शहरांना कटआउटवर बंदी घालावी लागली. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स हा १९०७ मध्ये सुरू झालेला शर्यतीचा मार्ग. तेथेही शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे १९२० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना सायलेन्सर सक्तीचा झाला.

दरम्यान ध्वनिशास्त्राने मार्ग दाखवला. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ठरावीक स्वर निघतो. अशा पोकळीच्या अनुनादाचा अभ्यास हेल्महोल्ट्झने १९ व्या शतकात केला होता. तशीच एक पोकळी एक्झॉस्टच्या नळीला जोडली, तर ती नेमकी त्याच वारंवारतेचा आवाज अडवते. क्विंकेने १८६६ मध्ये दाखवले, की ध्वनी दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणला आणि वाटांच्या लांबीत अर्ध्या तरंगलांबीचा फरक ठेवला, तर संपीडन आणि विरलन एकमेकांना मारतात. मात्र आपल्या सेकंदाला २५ धक्क्यांचे गणित करून पाहा. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सुमारे ५०० मीटर प्रतिसेकंद असतो. तरंगलांबी २० मीटर, तिचा निम्मा फरक १० मीटर! एवढी नळी मोटारसायकलवर मावणार कशी? म्हणून असल्या खालच्या स्वरांसाठी वायूला एकदम रुंद कोठडीत सोडून त्याचा धक्का मंद करतात. सायलेन्सर म्हणजे निव्वळ अडथळा नव्हे. ते मोजून मापून केलेले वाद्य आहे.

आणि ते कधी कधी ताकदही वाढवते. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात दोन फेरी इंजिनासाठी फुगीर एक्झॉस्ट विकसित केला. त्यातून परतणारी दाबलहर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण परत नळकांड्यात ढकलते. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळाला आणि ते ज्ञान सुझुकीकडे गेले. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद जिंकले. भारतात १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या दोन फेरी गाडीचा सायलेन्सर मनाला येईल तसा कापला, तर आवाज वाढतो, ताकद मात्र बहुधा घटते, याचे कारण हेच.

पण लाटांचा हा मेळ ठरावीक वेगालाच बसतो. म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाने काही मोटारसायकलींच्या एक्झॉस्टमध्ये फेऱ्यांनुसार फिरणारी झडप बसवली. पुढे स्पोर्ट्स कारमध्येही अशी झडप आली. हळू चालताना ती बंद राहते आणि वायू सायलेन्सरच्या लांब वाटेने जातो. जोर दिला की ती उघडते आणि वायू जवळच्या वाटेने सुटतो. अमेरिकेतील २००६ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मध्ये अशी व्यवस्था होती. तिच्या मालकांना लवकरच एक युक्ती सापडली. झडपेचा फ्यूज काढला, की झडप कायम उघडी राहते. शतकापूर्वीचा कटआउट असा परत आला!

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. फ्यूज काढून ताकद किती वाढली? जेथे पूर्ण ताकद लागते, तेथे झडप मुळातच उघडी होती. म्हणजे तेथे काहीच मिळाले नाही. बदल झाला तो फक्त मंद वेगाला, म्हणजे गल्लीत, घरांपुढे, शाळेजवळ. ताकद तीच राहिली, आवाज तेवढा वाढला. बाजारात ‘पंजाबी’ किंवा ‘इंदोरी’ नावाने मिळणाऱ्या बुलेटच्या सायलेन्सरांचा हिशेब फारसा वेगळा नाही.

झडप ही परीक्षा चुकवण्याची सोयही ठरू शकते. वाहनाची आवाजाची चाचणी ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास, ७.५ मीटरवर ध्वनिग्राहक ठेवून होते. नेमक्या तेवढ्या वेगाला झडप बंद ठेवली, की गाडी उत्तीर्ण! म्हणून २०१६ पासून लागू झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुधारित नियमांत इतर वेगांनाही तपासणी आली. भारतात १७५ सीसीवरील दुचाकींना ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचे माप लघुगणकीय असल्याने ८० चे ९० झाले, तर ध्वनीची तीव्रता १० पट होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२० नुसार सायलेन्सर सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-फ कटआउट वापरणाऱ्याला पहिल्या खेपेस १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड सांगते. पेडलचा कटआउट केव्हाच गेला. त्याचे नाव कायद्यात टिकून आहे. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत एक्झॉस्टच्या वाटेवर उत्प्रेरकही असतो. संपूर्ण वाट बदलताना तो निघाला, तर धूरही विषारी होतो.

शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, शिक्षकाच्या नेहमीच्या बोलण्यापेक्षाही कमी. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्याने पत्रा चपटा होतो. ‘मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद’ ही समजूत मात्र तशीच राहते. ती दूर करण्याची जागा वर्ग आहे. दोन बाटल्या घ्या, एकीत थोडे पाणी भरा, फुंकर घालून स्वर ऐकवा. गावातील मेकॅनिककडून जुना सायलेन्सर उभा कापून आणा आणि आतील कोठड्या मुलांना मोजू द्या. पुढे त्यांतलाच एखादा गॅरेज काढेल. गिऱ्हाइकाने सायलेन्सर बदलून मागितला, तर नुसते ‘नको’ न म्हणता तो कारणही सांगू शकेल.