मानेच्या मणक्यांचे संधान आणि अस्थिवर्धक प्रथिने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मानेच्या दोन मणक्यांमधील गादी झिजली किंवा सरकली, की मज्जारज्जूवर अथवा त्यातून निघणाऱ्या नसांवर दाब येतो. इतर उपचारांनी गुण न आल्यास ती गादी काढून लगतचे मणके एकमेकांस जोडले जातात. यालाच संधान म्हणतात. या जोडणीसाठी हाड कोठून आणावयाचे, हा प्रश्न सुमारे सात दशके शल्यचिकित्सकांसमोर आहे. अस्थिवर्धक प्रथिने हे त्याचे एक उत्तर मानले गेले. शरीराच्या एका भागासाठी मान्यता मिळालेले द्रव्य पुरेशा चाचणीविना दुसऱ्या भागात वापरले गेल्यास काय घडते, हे त्या उत्तराच्या इतिहासातून दिसते. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

रुग्णाच्याच हाडाचे रोपण

मानेच्या पुढील बाजूने मणक्यांपर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीचा पहिला वृत्तांत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील जॉर्ज स्मिथ व रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९५५ साली दिला. तिचे सविस्तर विवेचन १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी आपली स्वतंत्र पद्धत मांडली. गादीच्या रिकाम्या जागी हाडाचा तुकडा बसविणे, हे दोन्ही पद्धतींतील समान तत्त्व होते. रुग्णाच्या कमरेच्या हाडाच्या वरच्या काठातून काढलेला तुकडा पुढे या शस्त्रक्रियेचा मानदंड ठरला. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागे आणि मान बरी झाली तरी कमरेचे दुखणे काही रुग्णांत मागे उरे. पर्यायाच्या शोधामागे हे मुख्य कारण होते.

प्रथिनाचा शोध

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूंत रोपले. जेथे एरवी हाड नसते, त्या स्नायूत नवे हाड तयार झाले. हा निष्कर्ष १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हाडातील कोणते तरी द्रव्य भोवतालच्या पेशींना हाड घडविण्यास प्रवृत्त करते, असा त्याचा अर्थ होता. हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात आढळत असल्याने ते वेगळे करणे दीर्घकाळ कठीण राहिले. १९८८ साली जॉन वॉझ्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनांची जनुके ओळखली आणि जनुक-तंत्राने त्यांचे उत्पादन करणे शक्य झाले.

मान्यतेची मर्यादा

२ जुलै २००२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिक कंपनीच्या ‘इन्फ्यूज’ या उत्पादनास मान्यता दिली. प्रथिनाच्या द्रावणात भिजविलेला कोलॅजनचा स्पंज धातूच्या पोकळ केजमध्ये ठेवून तो मणक्यांमध्ये बसवावयाचा, अशी ही योजना होती. मान्यता केवळ कमरेच्या मणक्यांसाठी व पोटाच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेसाठी होती. मानेचा तीत समावेश नव्हता.

वापर मात्र झपाट्याने वाढला. अमेरिकेतील रुग्णालयीन नोंदींवर आधारित २००९ सालच्या अभ्यासानुसार, पाठीच्या कण्याच्या सर्व संधान-शस्त्रक्रियांत या प्रथिनांचे प्रमाण २००२ साली ०.६९ टक्के होते. २००६ साली ते २४.८९ टक्के झाले. मानेच्या पुढील बाजूच्या शस्त्रक्रियांत प्रथिन वापरलेल्या रुग्णांमधील गुंतागुंत ७.०९ टक्के, तर न वापरलेल्यांत ४.६८ टक्के आढळली. तत्पूर्वी, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अधिक मात्रा दिलेल्या १५१ रुग्णांपैकी ३५ जणांना गुंतागुंत झाली होती.

हाड वाढविणारे हे द्रव्य भोवतालच्या ऊतींत सूजही निर्माण करू शकते. मानेत मणक्यांच्या अगदी पुढे अन्ननलिका व श्वासनलिका असल्याने तेथील सूज थेट श्वासावर येते. १ जुलै २००८ रोजी प्रशासनाने इशारा प्रसिद्ध केला. मागील चार वर्षांत गुंतागुंतीच्या किमान ३८ नोंदी आल्या होत्या. बहुतेक घटना शस्त्रक्रियेनंतर २ ते १४ दिवसांत घडल्या होत्या. म्हणजे रुग्ण घरी परतल्यावरही धोका संभवत होता. काहींच्या श्वासमार्गात नळी घालावी लागली, तर काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

पुराव्याची फेरतपासणी

जून २०११ मध्ये ‘द स्पाइन जर्नल’चे संपादक युजीन कॅरॅगी व सहकाऱ्यांनी कंपनीच्या अर्थसाहाय्याने झालेल्या १३ चाचण्यांची छाननी केली. ७८० रुग्णांना हे प्रथिन दिले असता मूळ वृत्तांतांत त्याच्याशी निगडित एकही दुष्परिणाम नोंदला नव्हता. प्रत्यक्ष धोका मूळ अंदाजाच्या १० ते ५० पट असावा, असे त्यांनी मांडले. ऑक्टोबर २०१२ मधील अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीच्या अहवालानुसार, कंपनीने १९९६ ते २०१० या काळात संबंधित लेखक-शल्यचिकित्सकांना सुमारे २१ कोटी डॉलर दिले होते व लेखांच्या मसुद्यांतही तिचा सहभाग होता. अनुचित प्रभावाचा आरोप कंपनीने नाकारला.

पुढे कंपनीने चाचण्यांची मूळ माहिती येल विद्यापीठाकडे सुपूर्द केली. तिच्या आधारे दोन स्वतंत्र गटांनी केलेली परीक्षणे २०१३ साली प्रसिद्ध झाली. रुग्णाच्याच हाडाच्या तुलनेत प्रथिनाचा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा अधिक लाभ दोन्ही गटांना आढळला नाही.

समारोप

युरिस्ट यांचा शोध खोटा ठरला नाही. हे प्रथिन खरोखर हाड घडविते. चूक झाली ती ‘हाड तयार होते’ आणि ‘रुग्णास हित होते’ या दोन विधानांतील अंतर विसरल्याने. २०१५ साली मानेच्या संधानासाठी एका वेगळ्या, लघु-प्रथिनयुक्त द्रव्यास मान्यता मिळाली, ती मानेच्याच रुग्णांवरील चाचणीनंतर. संशोधन-वृत्तांतात न नोंदलेला दुष्परिणाम अखेरीस रुग्णाच्या श्वासावर येऊ शकतो, हा या इतिहासाचा धडा प्रत्येक ज्ञानशाखेतील संशोधकाने ध्यानी घेण्याजोगा आहे.