छाया आणि ऊतक : शिवडी-परळ परिसरातील रोगनिदानाचा इतिहास

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडी जुन्या किल्ल्यासाठी व कापसाच्या गोदामांसाठी जशी प्रसिद्ध आहे, तशीच ती महानगरपालिकेच्या क्षयरोग रुग्णालयासाठीही प्रसिद्ध आहे. तिच्या पश्चिमेस लागून असलेल्या परळात हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय व टाटा स्मारक रुग्णालय उभी आहेत. ज्या वस्तीने या संस्थांना रुग्ण पुरविले, ती गिरणीकामगारांची व गोदीकामगारांची दाट वस्ती होय. छातीच्या चित्रात दिसणारी छाया नेमकी कोणत्या विकाराची, हा प्रश्न या लहानशा टापूत पुनःपुन्हा उपस्थित झाला. त्याचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, शरीराची प्रतिमा घेण्याच्या साधनांची प्रगती ऊतकांच्या व जंतूंच्या परीक्षेस मागे सारून झालेली नाही. प्रत्येक नव्या साधनाने त्या परीक्षेची गरज नव्याने सिद्ध केली.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखविला. क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला. रोगाचे कारण आधी कळले आणि जिवंत शरीरातील त्याचे स्थान पाहण्याचे साधन तेरा वर्षांनी हाती आले. तोवर छातीवर बोटांनी ठोकून व नळीने आवाज ऐकून केलेल्या तर्काचा ताळा बहुधा शवविच्छेदनानंतरच पाहता येई. क्ष-किरणांमुळे फुप्फुसातील विवर रुग्णाच्या हयातीतच दिसू लागले. प्रभावी औषधे उपलब्ध होण्यापूर्वी छातीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटविणे किंवा बरगड्या काढून छाती आत बसविणे, असे उपचार करीत. ते बहुधा या चित्रांच्या आधारे होत.

ब्राझीलमधील मानुएल द आब्रेउ यांनी १९३६ मध्ये लहान फिल्मवर छातीचे चित्र घेण्याची स्वस्त पद्धती प्रचारात आणली. त्यामुळे समूहांची तपासणी शक्य झाली. परंतु त्याबरोबर या साधनाची मर्यादाही उघड झाली. अमेरिकेत बर्केलो व त्यांचे सहकारी यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की, एकाच चित्राविषयी अनुभवी वाचकांत मतभेद होतात. इतकेच नव्हे तर तोच वाचक तेच चित्र पुन्हा पाहताना आपले मत बदलतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात देशव्यापी क्षयपाहणी केली. तीत चित्रावरून सक्रिय क्षयाचे वाटलेले लोक हजारी १३ ते २५ आढळले, तर थुंकीत जंतू सापडलेले केवळ २ ते ८. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे केवळ छायेवरून ‘क्षयी’ ठरण्याचा संभव असलेली माणसे होत. कामगाराच्या दृष्टीने या शिक्क्याचा अर्थ नोकरी, चाळीतील खोली व मुलीचे लग्न यांवर येणारे संकट असा होता. १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात थुंकीच्या परीक्षेस महत्त्व आले, ते या पार्श्वभूमीवर.

गिरणगावात तर या प्रश्नास आणखी एक बाजू होती. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराची विशिष्ट खूण क्ष-किरणचित्रात उमटत नाही. सुटीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व सहकारी यांनी गिरणीकामगारांचा पाच वर्षे अभ्यास करून बिसिनोसिस व दीर्घकालीन श्वासनलिकाविकार यांतील भेद १९८१ मध्ये मांडला. येथे चित्रापेक्षा कामगाराची हकिकत व श्वासाचे मापन हेच अधिक बोलके ठरले.

ऊतकविद्येचा पाया या परिसरात घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिविज्ञानाचे अध्यापन केल्यावर ते १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचेही ते पहिले संचालक होते. कमरेस घट्ट धोतर नेसण्याच्या सवयीशी निगडित असलेल्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखालील पेशी आणि माणसाची राहणी यांचा संबंध जोडण्याची ही दृष्टी होती. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

परळ येथेच १९६३ मध्ये अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले, व २००२ मध्ये तेथे देशातील पहिले पॉझिट्रॉन चित्रण करण्यात आले. या पद्धतीत किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर शरीरात सोडतात. जेथे पेशी अधिक साखर शोषतात, ते स्थान चित्रात उजळून दिसते. कर्करोगाच्या पेशी अशाच असतात. परंतु क्षयाच्या गाठीत जमलेल्या दाहपेशीही तशाच असतात. त्यामुळे क्षय सर्वत्र पसरलेल्या देशात उजळलेली गाठ कर्करोगाची की क्षयाची, हा निर्णय चित्रावरून होऊ शकत नाही. सुईने काढलेल्या ऊतकात दह्यासारखा मृत भाग व त्याभोवती अनेक केंद्रकांच्या महापेशी दिसल्या तर क्षयाकडे कल जातो, आणि जंतू सापडल्यास तो पक्का होतो. अर्बुदपेशी दिसल्या तर उपचाराचा मार्गच निराळा. येथील चूक दोन्ही बाजूंनी प्राणघातक ठरू शकते.

तथापि यावरून छायाचित्रण गौण ठरते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयपाहणीत जंतू सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचे चित्र घेतले नसते तर निसटले असते, असे दिसून आले. ज्यांनी लक्षणांची तक्रारच केली नव्हती, त्यांना चित्राने पुढे आणले व थुंकीच्या परीक्षेने त्यांच्या रोगाचे नाव निश्चित केले. १९५५ च्या पाहणीत छायेने अधिकांना संशयित ठरविले होते. या पाहणीत तिनेच दडलेल्यांना शोधले. दोन्ही वेळी अखेरचा निर्णय जंतूंच्या परीक्षेनेच दिला. शिवडीच्या रुग्णालयाच्या दारी येणाऱ्या रुग्णाच्या हातातील चित्राचा मोठा लिफाफा याच इतिहासाचा भाग होय. त्यातील छाया कोठे पाहावे हे सांगते. काय आहे, हे मात्र प्रयोगशाळेतूनच कळते.