पक्ष्यांतील युगुलबंध व पितृत्व

पक्ष्यांतील युगुलबंध व पितृत्व : विणीच्या काळात एक नर व एक मादी यांनी एकत्र राहून पिलांचे संगोपन करणे, यास युगुलबंध म्हणतात. सस्तन प्राण्यांत तो विरळा आहे. पक्ष्यांत मात्र तोच सर्वसामान्य होय. डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षिवैज्ञानिकांनी १९६८ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक जाती एकपत्नीक ठरविल्या. ही गणना सहवासाची होती. घास भरविणारा नर हाच जनक, हे गृहीतच धरलेले होते.

या गृहीताला तडा गेला तो पीकसंरक्षणाच्या निमित्ताने. अमेरिकेत पिकांची नासाडी करणाऱ्या लाल पंखांच्या ब्लॅकबर्ड या (वस्तुतः बहुपत्नीक) पक्ष्याच्या काही नरांची नसबंदी करण्यात आली. तरीही त्यांच्या क्षेत्रांतील माद्यांनी फलित अंडी घातल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र खरा जनक ओळखण्याचे साधन तेव्हा हाती नव्हते. ते ॲलेक जेफ्रीझ यांनी १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात शोधलेल्या डीएनए ठसेतंत्राने मिळाले. पिलाच्या ठशातील पट्टे माता व पिता यांच्याकडूनच आलेले असतात; दोघांतही न आढळणारे अनेक पट्टे दिसल्यास पितृत्वाचा संशय बळावतो. १९८७ मध्ये हे तंत्र चिमण्यांना लावण्यात आले आणि काही पिलांचा जनक घरट्यावरचा नर नसल्याचे आढळले.

इंग्लंडमधील डनक या साध्यासुध्या पक्ष्याचा इतिहास अधिक बोलका आहे. एफ. ओ. मॉरिस या एकोणिसाव्या शतकातील धर्मोपदेशकांनी त्याची राहणी माणसांना अनुकरणीय म्हणून गौरविली होती. ही शिफारस फारशी सुदैवी ठरली नाही. निक डेव्हिस यांना केंब्रिजच्या वनस्पतिउद्यानात एका मादीबरोबर अनेकदा दोन नर आढळले. मीलनापूर्वी नर मादीच्या अवस्करावर चोच मारतो व ती आधीचे रेत बाहेर टाकते. मीलनात वाटा मिळालेला नरच पिलांना भरवितो. पण स्वतःचे पिलू तो वेगळे ओळखीत नाही.

२००२ मधील एका समीक्षेनुसार एकपत्नीक जातींत सरासरी सुमारे ११ टक्के पिले परक्या नराची असतात. ऑस्ट्रेलियातील सुपर्ब फेअरी-रेन या पक्ष्यात हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास आढळले. उलट उत्तर अमेरिकेतील लून या पाणपक्ष्याच्या तपासलेल्या पिलांत असे एकही मिळाले नाही. परक्या नरामुळे मादीला सरस संतती लाभते, हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले, तरी त्याला मिळालेला पुरावा जातीजातींत विसंगत आहे.